हायडन, कूलर आणि रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्या

पत्र थोडक्यात: लेखिका एकसष्ट वर्षांच्या, भुसावळच्या, माध्यमिक शाळेतून निवृत्त. वडील रेल्वेत होते. लहानपणी क्वार्टरमध्ये शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहत. त्यांच्या रेकॉर्ड प्लेअरवर शाळकरी वयात लेखिकेने अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार योझेफ हायडन पहिल्यांदा ऐकला, आणि तो आजवर सुटलेला नाही. लग्न, नोकरी, मुलांची शिक्षणं, सासूबाईंचं लांबलेलं आजारपण, सगळ्यात तो सोबत होता. आधी कॅसेटवर, मग सीडीवर, आता फोनवर. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी घरीच दर रविवारी दुपारी चार वाजता हायडन ऐकण्याची बैठक सुरू केली. पहिल्यांदा अकरा जण आले: जुन्या सहशिक्षिका, गल्लीतले तबल्याचे सर, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एक तरुण, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, शेजारच्या अमळनेरकडच्या आजी. मार्चपासून गळती लागली. आता चार जण येतात आणि त्यातल्या दोघी चहासाठी येतात असं लेखिकेला वाटतं. मागच्या महिन्यात सिंफनी (अख्ख्या वाद्यवृंदासाठीची, अनेक भागांची लांब रचना) चालू असताना आजींनी अहिराणीत विचारलं, "हाई कव्हय सरी वं माय?" म्हणजे हे कधी संपणार गं बाई? सगळे हसले, लेखिकाही हसल्या, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. बँकेतले गृहस्थ दरवेळी म्हणतात, "हायडन ठीक आहे, पण मोत्झार्ट तो मोत्झार्टच." यजमान म्हणतात, "खान्देशात हे कोण ऐकणार?" लेखिकेचा प्रश्न असा: बैठक बंद करून हायडन स्वतःपुरता ठेवू का? की माझंच काही चुकतंय? ताजा कलम: कपाटभर जुन्या कॅसेट आहेत, घरात कुणालाच नकोत. काय करू?

ताई,

तुमचं पत्र सात पानांचं. त्यातली पाच पानं हायडनवर, एक त्या रविवारच्या दुपारवर, आणि बैठकीला येणारी सगळी माणसं मिळून उरलेल्या एका पानात. पत्र वाचायला मजा आली, लिहिता तुम्ही छान. पण तबल्याच्या सरांना आजवर नेमकं काय आवडलं, ऑर्गनवाला मुलगा यायचा का थांबला, तुमच्या शाळेतल्या बाई गप्प का बसतात, यातलं काही मला त्यात सापडलं नाही. तुम्हालाही ते ठाऊक नसावं असा माझा संशय आहे. विचारायला वेळ तरी कुठे मिळतो? तुम्हीच लिहिलंय की आदल्या रात्री सगळ्यांना टिपण पाठवता, बैठकीत आधी वीस मिनिटं बोलता, मग अख्खी सिंफनी, मग चहा.

आधी यजमानांचं वाक्य बाजूला काढू, कारण आजींच्या प्रश्नापेक्षा तेच तुम्हाला जास्त लागलंय असं मला वाटतं. जळगावात दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. थंडीत शाल गुंडाळून विलंबित ख्याल ऐकणारी माणसं तिथे बाहेरगावाहून आणलेली नसतात. वहीगायनाच्या डफावर रात्र काढणारे गडी आणि कानबाईच्या जागराला पहाटेपर्यंत गाणी म्हणणाऱ्या बायका इथल्याच. लांबलचक ऐकायची आपल्याकडे चांगली सवय आहे. तेव्हा 'इथल्या लोकांना कान नाहीत' हे कारण मनातून काढून टाका. ते सोयीचं आहे एवढाच त्याचा गुण. ते धरलं की आपल्याला स्वतःला काही बदलावं लागत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ती तुम्हाला दिसेनाशी झाली असणार. आपलं ऐकणं एका षड्जावर उभं असतं. तानपुरा लागला की सा ठरला, तो राग संपेपर्यंत जागचा हलत नाही. हायडनच्या सिंफनीत नाट्य घडतं ते सा हलण्यातूनच. पहिल्या भागात तो बहुधा मूळ सा सोडून पंचमाला नवं बिऱ्हाड करतो, मधल्या टप्प्यात आणखी लांब भटकतो आणि मग परत येतो. ज्याला हे जाणं-येणं ऐकू येतं त्याला परत आल्याचा आनंद होतो. ज्याच्या कानात तानपुऱ्याचा सा पक्का बसलाय त्याला नुसतं वाटतं की सूर सारखा सरकतोय आणि दहा वाद्यं एकदम बोलतायत. तुमच्या बैठकीतले निम्मे लोक या जागी हरवत असतील. तबल्याच्या सरांना हे हार्मोनियमवर दाखवलंत तर पाच मिनिटांत कळेल, बाकीच्यांना हळूहळू. पण ते कळायला हायडनच्या चरित्राचा उपयोग शून्य. (आणि कृपा करून 'हा म्हणजे आपला आलापच' असं कुणाला सांगू नका. सिंफनीच्या सुरुवातीचा संथ तुकडा आलाप नव्हे. तसं सांगितलं की ऐकणारा आलापाची वाट बघत बसतो, आणि तो काही येत नाही.)

आता तुमचा मूळ प्रश्न. त्या अकरा जणांकडून तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी मागत होतात. एक, सोबत: खोलीत चार माणसं असावीत, त्यांनी आपल्याबरोबर ऐकावं. दुसरी, बरोबरी: अठ्ठ्याऐंशीव्या सिंफनीचा संथ भाग लागला की आपल्याला जे होतं ते समोरच्यालाही व्हावं. पहिली मागणी रास्त आहे आणि पुरी होण्यासारखी आहे. दुसरी बैठकीतून मिळणारच नाही. तुमच्या त्या भरून येण्यात हायडन किती, रेल्वे क्वार्टरमधल्या दुपारी किती आणि सासूबाईंच्या उशाशी काढलेल्या रात्री किती, हे तुमचं तुम्हालाही वेगळं काढता येणार नाही. पाहुण्यांपुढे तुम्ही सिंफनी ठेवता तेव्हा नकळत ती सगळी वर्षंही ठेवता, आणि त्यांनी ती घेतली नाहीत की तुम्हाला वाटतं, हायडनच नाकारला गेला. त्यांना तुमची वर्षं घेता येत नाहीत. दहा मिनिटांचं संगीत घेता येतं.

बंद करण्याचा पर्याय मी उडवून लावत नाही. एकट्याने जपलेली आवड काही कमअस्सल नसते. चाळीसगावच्या केकी मूस यांनी वर्षानुवर्षं घराबाहेर जवळपास न पडता छायाचित्रं काढली, कलावस्तू जमवल्या. आज ते घर बघायला लांबून लोक जातात. तुम्ही स्वतः हायडनचाच दाखला दिलाय. १७६१ पासून तो एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत, आणि त्यातली बरीच वर्षं आजच्या हंगेरीतल्या एका आडबाजूच्या राजवाड्यात. जगापासून तुटलो होतो म्हणूनच मला स्वतःसारखं व्हावं लागलं, असं तो उतारवयात म्हणाला, हे तुम्ही लिहिलंय. पण त्याच बोलण्यातला त्याच्या आधीचा भाग तुम्ही गाळलात, ताई! तो म्हणतो की वाद्यवृंद हाताखाली असल्यामुळे मला प्रयोग करता येत. कशाने परिणाम साधतो आणि कशाने तो उणावतो हे बघता येई, मग भर घालता येई, काटछाट करता येई. म्हणजे त्या आडरानातही तो बारकाईने बघत होता की काय पोचतंय. त्याचा मालक प्रिन्स निकोलाउस बॅरिटॉन नावाचं एक तंतुवाद्य वाजवायचा. मागे छेडायच्या तारा असलेलं, आज जवळजवळ विस्मरणात गेलेलं. हायडनने त्या वाद्यासाठी सव्वाशेच्या आसपास त्रिकुटं लिहिली, मालकाच्या बोटांना झेपतील अशी. ही हायडनची हुजरेगिरी म्हणून सोडून देता येईल. मला त्यात त्याची अक्कल दिसते.

म्हणून माझं मत: बंद करू नका, आणि आहे तसं चालूही ठेवू नका.

सध्या तुमच्याकडे पंगतीतला आग्रह चाललाय. पाहुण्याचं पान रिकामं व्हायच्या आत पुढचा वाढपी हजर. आपल्या खान्देशात जेवताना ते खपून जातं. ऐकताना माणूस उठून जातो, किंवा त्याहून वाईट, सभ्यपणे बसून राहतो. दर रविवार सोडा, महिन्यातून एकदा बसा. एका बैठकीत एकच तुकडा, दहा मिनिटांच्या आतला, आणि तोच दोनदा. पहिल्यांदा लावण्याआधी एक वाक्य, त्याहून जास्त नाही. मग शांत बसा. कुणी काही बोललं तर बोलू द्या, 'मला काहीच कळलं नाही' म्हणालं तरी. मग पुन्हा तोच तुकडा. अनोळखी संगीतात पहिलं ऐकणं नुसतं धडपडण्यात जातं, दुसऱ्यांदा कान कुठेतरी टेकतो. टिपणं पाठवणं पूर्ण थांबवा. ज्याला हवं असेल तो विचारेल, आणि विचारणाऱ्याला सांगण्याची मजा काही औरच. शिक्षिकेला हे जड जाईल, मला कल्पना आहे.

आणि तो कूलर. गळती मार्चपासून लागली असं तुम्ही लिहिता. भुसावळात मार्चपासून आणखीही काहीतरी सुरू होतं. बैठकीच्या खिडकीतला कूलर तुम्ही पत्रात ओझरता उल्लेखून पुढे गेलात, पण मी तिथेच थांबले. एप्रिलमध्ये तुम्ही 'सरप्राइज' सिंफनी लावलीत, क्रमांक ९४, आणि 'कुणी दचकलंच नाही' म्हणून खट्टू झालात. कसे दचकतील? दुसऱ्या भागात ती बाळबोध चाल आधी हळू येते, मग तीच आणखी हळू, जवळजवळ पुसट, आणि सोळाव्या मात्रागटाच्या शेवटी टिंपनी नावाच्या नगाऱ्यांसकट अख्खा वाद्यवृंद एकदम कोसळतो. कूलरच्या घरघरीत तुमच्या पाहुण्यांना आधीची कुजबुज ऐकूच आली नाही. चार वाजता, बाहेर ४५ अंश, पोटात दुपारचं जेवण, आणि पुढे पाऊण तासाची बैठक. खुद्द प्रिन्स निकोलाउससुद्धा पेंगला असता. एप्रिल ते जून सरळ सुट्टी द्या. बैठक शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, संध्याकाळी, पंखासुद्धा बंद ठेवून. फोनचा आवाज थेट लावू नका, बरासा स्पीकर जोडा. फोनमध्ये चेलोचे खर्जातले सूर गायब होतात आणि मग चार वाद्यांच्या रचनेत तीनच उरतात.

काय लावायचं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तरी तुमच्याच माणसांकडे बघून काही सुचवते, कारण तुमची आजवरची निवड हायडनकडे बघून झालीय.

तबल्याचे सर: त्यांच्यासाठी तीच 'सरप्राइज'ची चाल, पण आधी रेकॉर्ड नको. कुणालाही पेटीवर वाजवायला सांगा: सासा गग पप ग, मम रेरे निनि प, शेवटचे नि आणि प मंद्रातले. तुमच्या शाळेतल्या कुठल्याही मुलाला जमेल. सगळ्यांनी एकदा गुणगुणली की ती चाल त्यांची झाली. मग रेकॉर्ड लावा, आणि हायडन पुढे तिचे काय काय प्रकार करतो ते ऐका. १७९२ मध्ये लंडनच्या श्रोत्यांसमोर ती पहिल्यांदा वाजली तेव्हा हायडन साठीला आला होता, हे सांगण्याचा मोह होईल. दुसऱ्यांदा लावताना सांगा.

रेल्वेतली माणसं तुमच्या ओळखीत भरपूर असतील. त्यांना बोलावून पंचेचाळिसावी, 'फेअरवेल', लावा. पूर्ण नको, फक्त शेवटचा भाग. इथे मात्र गोष्ट आधी सांगा, कारण या एका ठिकाणी गोष्ट हाच संगीताचा सांगाडा आहे. साल १७७२. मालक उन्हाळी राजवाड्यातून हलायला तयार नाही, वादकांची बायकापोरं लांब आयझेनश्टाटला. सुट्टी मागायची सोय नाही. हायडनने अर्ज केला नाही, सिंफनी लिहिली. शेवटच्या भागात एकेक वादक आपलं वाजवून होताच समोरची मेणबत्ती विझवून उठून जातो, शेवटी दोनच व्हायोलिन उरतात. मालक समजला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जायला मिळालं, असं सांगतात. ज्यांनी आयुष्यभर रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या विश्रांतीच्या खोल्यांत, रात्री काढल्या आणि ऐन दिवाळीत ज्यांची रजा नामंजूर झाली, त्यांना हे समजावून सांगायची गरज पडणार नाही. तुम्ही रेल्वेच्या मुलगी असून हे इतके महिने लावलं नाहीत याचं मला नवल वाटतं.

लग्नातल्या बँडमधला एखादा ट्रम्पेटवाला गाठता आला तर बघा. हायडनचा १७९६ चा ट्रम्पेट कॉन्चेर्तो (एक ट्रम्पेट आणि साथीला वाद्यवृंद) आहे, त्याचा शेवटचा भाग जेमतेम साडेचार-पाच मिनिटांचा. तोवरच्या साध्या ट्रम्पेटवर खालच्या पट्टीत सलग सरगम वाजतच नसे. तिथे मोजकेच सूर निघत आणि मधल्या जागा रिकाम्या राहत. व्हिएन्नातल्या आंटोन वायडिंगर या वादकाने चाव्या बसवलेलं ट्रम्पेट आणलं आणि हायडनने त्याच्यासाठी हे लिहिलं. ज्याने भर उन्हात वरातीपुढे तासभर फुंकलंय त्याला यातली दमछाक आणि ऐट दोन्ही तुमच्याआधी कळेल. त्याला बोलू द्या. एखाद्या बैठकीत तुम्ही ऐकणाऱ्या आणि दुसरा सांगणारा, असं होऊ द्या की.

ऑर्गनवाला मुलगा. त्याला तुम्ही बहुधा अजून काहीच वाजवायला सांगितलेलं नाही. हायडनने १७९७ मध्ये व्हिएन्नातल्या सम्राटासाठी एका गीताला चाल दिली. ती चाल आज जर्मनीच्या राष्ट्रगीताची आहे, आणि इंग्रजी चर्चगीतांच्या पुस्तकांतही ती जाऊन बसली आहे. तुमच्या त्या मुलाला ती हायडनची आहे हे माहीत नसताना पाठ असण्याची शक्यता आहे. त्याला कीबोर्डवर वाजवू द्या. मग ओपस ७६ या संचातल्या तिसऱ्या क्वार्टेटचा (दोन व्हायोलिन, व्हियोला आणि चेलो यांच्यासाठीची रचना) दुसरा भाग लावा. तिथे हायडनने हीच चाल चारही वाद्यांना पाळीपाळीने दिली आहे: आधी पहिलं व्हायोलिन, मग दुसरं, मग चेलो, मग व्हियोला, आणि शेवटी पुन्हा पहिलं व्हायोलिन. चाल तीच राहते, भोवतीचे बाकीचे काय करतात ते बदलत जातं. नवख्या कानाला क्वार्टेट ऐकायला शिकवणारं यापेक्षा सोपं काही मला ठाऊक नाही.

बँकेतल्या गृहस्थांशी वाद घालू नका. 'मोत्झार्ट तो मोत्झार्टच' हे वाक्य तुम्ही हायडनचा अपमान म्हणून ऐकता. मला त्यात 'कधीतरी माझीही पाळी येऊ द्या' एवढंच ऐकू येतं. पुढची एक बैठक त्यांच्या हवाली करा. त्यांना म्हणा, मोत्झार्टच्या १७८५ साली छापलेल्या सहा क्वार्टेटपैकी कुठलंही आणा. ती सहाच्या सहा मोत्झार्टने हायडनला अर्पण केलीत, आपली सहा मुलं मित्राच्या ओटीत घालतोय अशा भाषेत. म्हणजे ते गृहस्थ मोत्झार्ट घेऊन आले तरी हायडन सोबत येणारच. हे त्यांना आधी सांगायचं की नंतर, ते तुम्ही ठरवा. मी असते तर आधी सांगितलं नसतं.

आता आजी. त्यांच्यामुळे तुमची झोप उडाली. मला त्या तुमच्या सर्वांत चांगल्या श्रोत्या वाटतात. 'हाई कव्हय सरी?' हा काही कंटाळ्याचाच प्रश्न असतो असं नाही. शेवट कधी आणि कसा येणार, ही उत्सुकता ताणत ठेवणं हा हायडनच्या कारागिरीचा गाभा आहे, आणि ओपस ३३ मधलं दुसरं क्वार्टेट तर त्याने याच प्रश्नावर रचलंय असं म्हणायला हरकत नाही. त्याला 'जोक' म्हणतात. शेवटच्या भागात चाल संपते. मग मध्येच एक संथ, गंभीर तुकडा. मग तीच चाल पुन्हा, पण तुकड्या-तुकड्यांत, दर तुकड्यानंतर थांबा. झालं वाटतं, तर झालेलं नसतं. मग भलीमोठी शांतता. आणि मग चालीचा पहिलाच तुकडा, अगदी हळू, जणू सगळं पुन्हा सुरू होतंय, आणि तिथेच खलास. १७८१ पासून आजपर्यंत सभागृहात लोक चुकीच्या जागी टाळ्या वाजवत आलेत. हे आजींना ऐकवा. आधी काही सांगू नका, आणि आपण स्वतः मुद्दाम निर्विकार बसा. त्यांनी दोनदा विचारलं 'सरनं का?' (संपलं का?) तर बैठक यशस्वी झाली असं समजा. त्यांनी तो प्रश्न मोठ्याने विचारला, बाकीचे घड्याळ बघत मनात विचारत होते, एवढाच फरक. असं माणूस बैठकीत असणं भाग्याचं आहे. चहाला येतात म्हणून त्यांना आणि दुसऱ्या बाईंना हिणवूही नका. चहाला आलेल्या माणसाच्याही कानावर पडतंच.

राहिली बरोबरीची भूक. ती खरी आहे आणि ती मारू नये. पण तिच्यासाठी अकरा माणसं लागत नाहीत, एक पुरतं. पत्रात तुम्ही नाशिकच्या एका वृद्ध गृहस्थांचा जाता जाता उल्लेख केलाय, ज्यांच्याशी पूर्वी वाद्यवृंद-संचालक अंताल दोराती चांगला की नंतरचे जुन्या वाद्यांवर वाजवणारे चांगले, यावर तुमचं फोनवर भांडण झालं आणि बोलणं थांबलं. दोरातीने १९६९ ते १९७२ या काळात हायडनच्या सगळ्या सिंफनी ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यावर भांडायला पन्नास वर्षांनंतर भुसावळ आणि नाशिकमध्ये एकेक माणूस शिल्लक आहे, ही केवढी चैन! त्यांना फोन करा. भांडण तिथूनच पुढे चालू करा. जे टिपण तुम्ही आठवड्याला अकरा जणांना पाठवत होतात ते त्या एकट्यांना पाठवा. ते खोडून काढतील, आणि तुम्हाला हवं आहे ते तेच. बैठकीतल्या लोकांवरचा भार तेवढ्याने हलका होईल.

प्रत्यक्ष वाद्यवृंद तुम्ही कधीच ऐकलेला नाही हे वाचून मात्र मला राहवलं नाही. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यांचे मुख्य हंगाम साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरच्या सुमारास असतात. कार्यक्रम आधी जाहीर होतो, हायडन असेलच असं नाही, पण बघत राहा. भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी मुंबई, हे मी रेल्वेच्या मुलीला काय सांगावं. यजमानांना न्या. त्यांना हायडन आवडला नाही तरी व्हायोलिनचे वीस गज एकदम वर-खाली होताना बघणं आवडेल, आणि 'खान्देशात कोण ऐकणार' यावर परतीच्या गाडीत बोलायला तुम्हाला सहा-सात तास मिळतील.

अशी पत्रं मला आणखीही येतात. एका काकांना जुनी नाट्यपदं ऐकवायची असतात आणि सुना खोलीतून सटकतात. एका मुलाला गझलेचं वेड आहे आणि मित्र त्याला टाळतात. त्यांनाही मी हेच सांगेन की आपल्या आवडत्या दहा गोष्टींतली नववी-दहावी आधी काढा. जी आपल्या काळजाच्या सर्वांत जवळची ती सर्वांत शेवटी, कारण तिच्यावरची जांभई सोसवत नाही. ताई, तुम्ही पहिल्याच रविवारी अठ्ठ्याऐंशीवी लावलीत. ती आता वर्षभर बाहेर काढू नका.

कॅसेटचं म्हणाल तर बाजारात मिळणाऱ्या ध्वनिमुद्रणांच्या कॅसेट देऊन टाका किंवा टाकून द्या, ते सगळं आज फोनवर आहे. त्या शेजारच्या ड्रायव्हरकाकांच्या रेकॉर्डवरून घरी टेप केलेल्या तेवढ्या ठेवा. माळ्यावर नको, पत्र्याखालच्या उन्हाळ्याने फीत खराब होते. कपाटातच, उभ्या लावून, स्पीकरपासून लांब. टेपरेकॉर्डरमध्ये फीत सरकत नसेल तर बहुतेक वेळा त्याच्या आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. जुने रेडिओ दुरुस्त करणारे तो बदलून देतात. मग हेडफोनच्या भोकातून एक वायर कॉम्प्युटरला जोडून एकेक कॅसेट भरून घ्या. ऑर्गनवाल्या मुलाला येत असेल, त्याला विचारा.